ब्रेक सुटत नाही तेव्हा

कुंभार्ली घाट चढताना ब्रेकला पाय लावायची वेळ फारशी येत नाही. पोफळी मागे पडली की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत वर जात राहते. वळणावर समोरून ट्रक आलाच, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तरी पुरतं; चढच गाडीला थोपवतो. एका पावसाळ्यात असाच घाट चढून आलो आणि वर हेळवाकला चहाला थांबलो. गाडी त्या दिवशी ओढतच नव्हती. क्लच गेला असणार, असं मी स्वतःला सांगत होतो. जळका, नाकाला झोंबणारा वास येत होता, तोही क्लचचाच समजलो होतो.

शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर ग्लास हातात घेऊन माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"साहेब, घाट उतरून आलात का?"

"नाही हो. चिपळूणहून आलो, चढून."

"मग हे डावं चाक कशानं तापलं?"

त्यानं ग्लासातल्या पाण्यात बोटं बुडवून पुढच्या डाव्या चाकाच्या रिमवर दोन थेंब शिंपडले. चर्र आवाज झाला. टपरीवरचा पोरगा ते बघून बादलीभर पाणी घेऊन धावला, तर ड्रायव्हरनं त्याला हातानंच थांबवलं. "ओतू नको रे, डिस्क तडकंल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गिअरमध्ये ठेवा, मागं दगड लावा आणि अर्धा तास गप बसा. तुमचा ब्रेक लागलेलाच आहे. सुटंना झालाय."

ब्रेक न लागण्याची भीती आपल्या मनात पक्की बसलेली असते. 'ब्रेक फेल' हे शब्द सिनेमानं आणि बातम्यांनी आपल्या कानांत ओतून ठेवले आहेत. लागलेला ब्रेक सुटतो की नाही, ही चिंता मात्र कुणी करत नाही. ती करायला हवी, कारण न सुटणारा ब्रेक तापतो आणि तापता तापता अखेरीस न लागणारा ब्रेक होतो. एकच दुखणं दोन टोकांना दोन रूपं घेतं.

आधी उष्णतेचं बघू. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे काय करतो? गाडीच्या अंगात असलेली गतीची ऊर्जा तो उष्णतेत बदलतो. दुसरं काही त्याला येत नाही. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर सुमारे ३७० किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात सव्वा लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. हीच गाडी ताशी ४० वर असती, तर उष्णता निम्मी होत नाही, चौथा हिस्सा होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

घाटाचं गणित आणखी वेगळं आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. दीड टनाच्या गाडीला तेवढ्या उंचीवरून खाली आणायचं, तर ७० लाख ज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. २४ लिटर पाणी उकळेल एवढी ती आहे. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात. बाकीची सगळी ब्रेकवर सोपवली आणि घाट पंधरा मिनिटांत उतरला, तर चाकांमध्ये दोन किलोवॉटचे चार गीझर तेवढा वेळ सतत चालू ठेवल्यासारखं होतं.

आता माझ्या डाव्या चाकाकडे या. समजा, न सुटलेला ब्रेक चाकाला वीस किलो वजनाइतक्या जोरानं मागे ओढतो आहे. गाडी चालवताना हे जाणवतही नाही. 'आज जरा जड वाटतेय' इतकंच. ताशी ६० च्या वेगाला हा जोर सव्वातीन किलोवॉट उष्णता तयार करतो. म्हणजे दीड गीझर, तोही एकाच चाकात, आणि घाट असो की सपाट रस्ता, बंद होण्याचं नाव नाही. बरं, ही उष्णता पेट्रोलमधूनच येते. त्याआधीचे दोन आठवडे माझी गाडी लिटरला १८ ऐवजी १५ किलोमीटर देत होती आणि मी पेट्रोल पंपाला शिव्या देत होतो. गाडी डावीकडे ओढत होती, म्हणून अलाइनमेंटही करून घेतलं होतं. गाडी सांगत होती. ऐकणारा बहिरा होता.

ब्रेक सुटतो कसा, हे कळल्याशिवाय तो का सुटत नाही हे कळणार नाही. आणि ही गोष्ट इतकी नाजूक आहे की पहिल्यांदा समजली तेव्हा मला खरी वाटली नव्हती.

ड्रम ब्रेकमध्ये आतल्या बाजूनं दोन अर्धगोल लायनर ड्रमवर दाबले जातात. पाय उचलला की त्यांना मागे ओढायला चांगल्या जाडजूड स्प्रिंगा असतात. हे सगळं डोळ्यांना दिसतं, पटतं. डिस्क ब्रेकमध्ये मात्र पॅड मागे ओढणारी अशी स्प्रिंग बहुतेक गाड्यांत नसतेच. पिस्टनभोवती, कॅलिपरच्या म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या खाचेत, चौकोनी काटछेदाचं एक रबरी कडं बसवलेलं असतं. ब्रेक दाबला की तेलाच्या दाबानं पिस्टन पुढे सरकतो आणि ते कडं त्याला धरून असल्यामुळे जरासं पिळलं जातं. पाय उचलला, दाब गेला, की कडं आपला पीळ सोडून मूळच्या आकारात येतं आणि येताना पिस्टनला केसभर मागे घेऊन येतं. बस्स, एवढंच. दीड टन वजन थांबवणाऱ्या यंत्राची सुटका एका रबरी कड्याच्या पिळावर अवलंबून असते. पॅड आणि डिस्क यांच्यात उरणारी फट मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकी असते, आणि कित्येकदा पॅड डिस्कला हलकेच चाटतही राहतो. तेवढं चालतं.

त्यात आपल्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर 'तरंगता' असतो. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेनं अख्खा कॅलिपर उलट सरकून बाहेरचा पॅड दाबतो. त्यासाठी कॅलिपर दोन पिनांवर सरकायला हवा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या या पिना, वर रबरी टोप्या, आत ग्रीस. टोपी फाटली की पाणी शिरतं, ग्रीस सुकतं, गंज धरतो. मग दाबताना पिना कशाबशा सरकतात, कारण दाबणाऱ्या तेलात प्रचंड जोर असतो. परतताना मात्र जोर लावणारं फक्त ते रबरी कडं. ते काय करणार? बंद पडलेल्या कॅलिपरचं सारं रहस्य या असमान जोरात आहे. गंजलेली पिनही जोर लावला तर हलते, म्हणून ब्रेक लागतो आणि चालवणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

डिस्क ब्रेकची कल्पना तशी जुनी. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ साली तिचं पेटंट घेतलं. त्यानं तांब्याचे पॅड वापरले. त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजत. कल्पना पन्नास वर्षं पडून राहिली. १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या. कारण सरळ होतं. इतरांचे ड्रम लांब सरळ रस्त्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा तापत आणि ढिले पडत. उघड्या हवेत फिरणारी डिस्क लवकर निवे. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो, आणि पेडल खोल जातं. डिस्क तापून फुगली तर पॅडच्या दिशेनंच फुगते. आपल्याकडच्या सुरुवातीच्या ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम असत, आणि घाटात 'ब्रेक तापले, पेडल खाली गेलं' म्हणून थांबलेल्या गाड्या ही तेव्हा नेहमीची गोष्ट होती.

घर्षणाच्या कापडाची कथाही डोंगराळ मुलखातलीच आहे. इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूडनं १८९७ साली ब्रेकचं अस्तर बनवायला सुरुवात केली. उतारावर घोडागाड्या रोखायला लोक लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटाचं चामडं ठोकत, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्याच्या नावातल्या अक्षरांची उलटापालट करून, एक 'ई' घालून, 'फेरोडो' झालं. पुढे अस्तरात ॲस्बेस्टॉस आलं आणि फुप्फुसांना घातक म्हणून त्यावर बंधनंही आली. जुन्या गाडीचा ड्रम उघडून हवेच्या पाइपनं धूळ उडवायची सवय गॅरेजांत अजून दिसते. ती सोडलेली बरी; ओल्या फडक्यानं पुसावी.

आजचे पॅड रेझिनमध्ये बांधलेल्या तंतूंचे आणि धातूच्या भुकटीचे असतात. गावात चालवताना डिस्क शंभर-दोनशे अंशांपर्यंत जाते, त्याचं काही वाटून घ्यायचं कारण नाही. साध्या पॅडची डिस्क साडेतीनशे-चारशेच्या पुढे गेली की रेझिन जळू लागतं, त्याचा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये येतो आणि पकड सुटते. तेव्हा पेडल पायाला कडक लागतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, गाडी मात्र पळतच राहते. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो. असा पॅड निवल्यावरही पहिल्यासारखा धरेल याचा भरवसा नसतो.

दुसरी गंमत तेलात आहे. ब्रेक ऑइल आपण म्हणतो, पण ते तेल नव्हेच. तो ग्लायकॉल जातीचा द्रव आहे आणि त्याला हवेतलं पाणी ओढून घ्यायची खोड आहे. नवं कोरं 'डॉट ३' किमान २०५ अंशांना उकळतं, 'डॉट ४' किमान २३० ला. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. कोकणातल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढलेलं, काळवंडलेलं तेल म्हणूनच घाटात दगा देतं. कॅलिपरमधलं तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय स्पंजवर पडल्यासारखा आत जातो आणि चाकाला काहीच पोचत नाही. पुष्कळदा हे घाट उतरून, चहा पिऊन, गाडी पुन्हा काढताना घडतं. थांबलेल्या गाडीला वारा लागत नाही. तापलेल्या डिस्कची उष्णता निवांतपणे पिस्टनमधून तेलापर्यंत पोचते. म्हणून अशा थांब्यानंतर निघण्याआधी पेडल दोनदा दाबून बघण्याची जुन्या ड्रायव्हरांची सवय मला पटते.

दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं, असं बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत असतं. इंजिन ऑइल दर सर्व्हिसला बदलणारे लोकही हे करत नाहीत, कारण ब्रेक ऑइल कमी होत नाही आणि ओरडतही नाही.

तेलाची एक चूक तर चारही चाकं एकदम जाम करते. रस्त्यात कुणीतरी ब्रेक ऑइलच्या टाकीत भलतंच तेल भरतं: इंजिनाचं, पॉवर स्टिअरिंगचं, हाताला लागेल ते. खनिज तेल ब्रेकमधल्या रबराला फुगवतं. पेडल दाबल्यावर तेलाला जोर देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एक अगदी बारीक भोक असतं. पाय उचलल्यावर उरलेला दाब तिथून टाकीत परततो. फुगलेलं वॉशर त्या भोकाला झाकून बसतं. मग काय होतं ते बघा. ब्रेक किंचित लागलेला राहतो, म्हणून तापतो. तापल्यामुळे तेल प्रसरण पावतं, पण त्याला परत जायला वाट नाही, म्हणून ते पॅडना आणखी दाबतं. आणखी दाबल्यामुळे आणखी तापतं. दहा-बारा किलोमीटरमध्ये गाडी स्वतःच स्वतःला आवळत रस्त्यात उभी राहते. पेडल दगडासारखं कडक. तासाभरानं निवल्यावर मुकाट्यानं चालू लागते, आणि मालक म्हणतो, 'गेलं वाटतं दुखणं.' ब्रेक पेडलची दांडी जास्त ताणून बसवली असेल, तरी हेच नाटक होतं. यात खनिज तेल घुसलेलं असेल, तर तेल बदलून भागत नाही. फुगलेलं रबर पुन्हा बारीक होत नाही, सगळे सील आणि नळ्या नव्या घालाव्या लागतात. हा खर्च ऐकून मालकांचे चेहरे पडतात, पण तिथे काटकसर करू नये.

चाकाजवळच्या रबरी नळीचा आजार आणखी फसवा. बाहेरून नळी धडधाकट दिसते, आत मात्र तिचा थर सुटून पडद्यासारखा लोंबतो. पाय दाबला की तेल जोरानं आत जातं, परत येताना तो पडदा वाट अडवतो. अशा गाडीत लोक कॅलिपर बदलतात, पॅड बदलतात, आणि ब्रेक पुन्हा पकडतोच.

नेमकं दुखणं कुठे, हे शोधायची कसबी मेकॅनिकची रीत साधी आणि देखणी आहे. गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक हातानं फिरवून बघायचं. फिरत नसेल, तर एकदा ब्रेक दाबून सोडायचा आणि कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल किंचित सैल करायचा. थोडं तेल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष. दाब मागे कुठेतरी अडकला होता. मग पुढच्या वेळी मास्टर सिलिंडरकडचा जोड सैल करून बघायचा. तिथे सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा किंवा पेडलच्या दांडीचा, तिथे नाही पण निपलला सुटतं तर मधल्या नळीचा. निपल उघडूनही चाक जाम, तर दाबाचा प्रश्नच नाही: पिस्टन गंजलाय, पिना धरल्यात, किंवा पॅड आपल्या खाचेत अडकलाय. पाच मिनिटांत निकाल. नंतर हवा मात्र नीट काढायची.

पॅडही साक्ष देतात. आतला कागदासारखा पातळ आणि बाहेरचा जाड राहिला असेल, तर बहुधा पिना सरकत नाहीत.

मागच्या चाकांची तऱ्हा वेगळी. तिथे पुष्कळ गाड्यांत अजून ड्रम असतात आणि हँडब्रेक त्यांच्यावरच चालतो. पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून पंधरा दिवस उभी केली की लायनर ड्रमला गंजानं चिकटतो. गाडी काढायला जावं तर मागची बाजू खाली बसल्यासारखी होते आणि हलत नाही. कधी खट् आवाज होऊन सुटते, कधी लायनरचं अस्तरच ड्रमला चिकटून मागे राहतं. २०२० च्या टाळेबंदीनंतर अंगणातल्या, सोसायटीतल्या कितीतरी गाड्या अशाच अडून बसल्या होत्या. जास्त दिवस ठेवायची असेल तर गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना विटा किंवा दगड लावावेत आणि हँडब्रेक मोकळा सोडावा. धुऊन आणल्याबरोबर उभी करण्यापेक्षा गल्लीत एक चक्कर मारून, दोनदा ब्रेक दाबून सुकवून ठेवलेली चांगली.

बॅटरीवरच्या गाड्यांना हा त्रास होणार नाही, असा समज आहे. उलट आहे. त्या गाड्यांत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते आणि वीज परत बॅटरीत जाते. पॅड बिचारे रिकामे बसतात, डिस्क गंजते, पिना जागीच धरतात. न वापरल्यानं बिघडणाऱ्या वस्तूंत ब्रेकचाही नंबर बराच वर लागेल.

घाट कसा उतरावा, हे एसटीच्या जुन्या चालकांकडून ऐकलेलं एका वाक्यात मावतं: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन ही फुकटची रोधक शक्ती आहे आणि तिची उष्णता काढून टाकायला रेडिएटर आहे. ऑटोमॅटिक गाडीवाले डी वर ठेवून खुशाल उतरतात; त्यांच्याही गाडीत खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती घाटासाठीच. न्यूट्रलवर उतरून डिझेल वाचवणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की आजच्या इंजेक्शनवाल्या इंजिनांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बहुतेक पूर्ण बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर. आणि इंजिन बंद करून उतरणं हा शुद्ध आत्मघात: ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो, तो दोन-तीन दाबांत संपतो.

वर आलेल्या खंडाळा-खोपोलीच्या बोरघाटात १८६३ साली रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून उतरणारी गाडी हाताबाहेर गेली तर काय, हा प्रश्न अभियंत्यांच्या डोक्यात होता. ३७ फुटांना एक फूट असा तो उतार. त्यांनी मुख्य मार्गाला जोडून चढणीवर जाणाऱ्या आडवाटा बांधल्या, कॅच सायडिंग. बेभान गाडी त्यात शिरली की चढच तिचा वेग खातो. रेल्वेनं मान्य करून टाकलं होतं, की उतारावर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही.

मोटारीत पेडल आत गेलंच, तर पंप करत राहावं, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक झटका न देता हळूहळू ओढावा आणि दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूला घासत थांबावं. पत्रा चेपतो; पत्र्याचं काही वाटून घेऊ नये.

न सुटलेल्या ब्रेकनं तापलेली गाडी मात्र लगेच कडेला घ्यावी, कारण पुढचा टप्पा धुराचा आणि त्याच्या पुढचा आगीचा असतो. चाकातलं ग्रीस आणि टायर दोन्ही पेटतात. हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिलाय का, हे आधी बघावं. हसू नका, निम्म्या वेळा तेवढंच असतं. चाकाला हात लावू नये, चाकाच्या समोर उभंही राहू नये, तापलेला टायर फुटू शकतो. (विमानांच्या चाकांत यासाठी विशिष्ट तापमानाला वितळणारी बुचं असतात, ब्रेक फार तापले की ती वितळून हवा सोडून देतात. मोटारीत ती सोय नाही.) पाणी ओतू नये, ओतीव लोखंड एकदम आकसलं की तडकतं. पेडलवर पाय ठेवून बसू नये, तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी दाबून राहिला की तिथे त्याचा थर बसतो आणि मग दरवेळी ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात; पुष्कळदा ती वाकलेली नसते, थापलेली असते.

निवल्यावर ब्रेक आपोआप सुटतो आणि तिथेच माणूस फसतो. अर्ध्या तासानं माझीही गाडी सुटली. ट्रकवाल्यानं बजावून सांगितलं म्हणून मी तशीच पुढे दामटली नाही; दर आठ-दहा किलोमीटरला थांबत, चाकाजवळ पालथा तळहात नेऊन ऊब बघत कऱ्हाड गाठलं. उजव्या चाकाशी तुलना करायची असते, नुसतं गरम लागलं म्हणून घाबरायचं नसतं. खरं तर उचलून नेणारी गाडी बोलवायला हवी होती, पण पावसात हेळवाकला थांबायचं मन होईना.

कऱ्हाडच्या मेकॅनिकनं कॅलिपर उघडला. आतला पॅड दोन मिलिमीटर उरला होता, बाहेरचा जवळजवळ नवा. खालची पिन हातोडीनं ठोकून काढावी लागली. टोपी फाटून आत तांबडा चिखल झाला होता. मागच्या वेळी कुणीतरी तिथे साधं चाकाचं ग्रीस भरलं होतं, आणि त्यानं टोपीचं रबर फुगून मऊ पडलं होतं. ब्रेकला सिलिकॉनचं ग्रीस लागतं, हे तो काम करता करताच सांगत होता. पिना नव्या, टोप्या नव्या, पिस्टनचं सील किट, दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेक मारताना ओढते. तेल काढलं ते चहाच्या रंगाचं होतं. बेअरिंग फिरवून, कान लावून ऐकलं. ते बचावलं होतं.

शेवटी त्यानं चाक बसवलं, मला गाडीत बसवून तीनदा ब्रेक दाबायला लावला, गाडी न्यूट्रलला ठेवली आणि चाक हातानं फिरवलं. हलकंसं स्स्स करत ते दीड वेढा फिरून थांबलं.

मी म्हटलं, "अजून घासतंय की हो."

"एवढं घासणारच," तो हात पुसत म्हणाला. "न घासणारा डिस्क ब्रेक मी अजून बघितला नाही."